मदिनेतील घरगुती स्वच्छता आणि औषधोपचार



आपल्या बहुतेक मशिदींच्या वुजूखान्यात एक पाटी लावलेली असते. पाकी हा ईमानचा अर्धा हिस्सा आहे, अशा अर्थाची. हे प्रेषितवचन हजरत अबू मालिक अशअरी (रजि.) यांच्या कथनाने सहीह मुस्लिममध्ये आले आहे. ती पाटी वाचत आपण वुजू करतो आणि उठताना नळ अर्धवट उघडा ठेवून पहिल्या सफेकडे धावतो. पाटी भिंतीवर राहते, पाणी गटारात जाते.

असो. या लेखाला निमित्त दुसरेच घडले. आमच्या मोहल्ल्यातील एक बुजुर्ग आहेत, पाचही वक्तांचे नमाजी, मधुमेहाचे जुने रुग्ण. मागील वर्षी त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आणि कलौंजी व मध यांवर सर्वस्वी भरवसा ठेवला. चपलेचा खिळा पायात रुतला, जखम चिघळली, आणि अखेर उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. मी त्यांच्या विचारपुशीसाठी गेलो तेव्हा ते म्हणाले, "मौलाना, हदीस तर सहीह आहे. मग माझ्या ईमानमध्येच खोट होती का?" मला तत्काळ उत्तर देता आले नाही. कारण कलौंजीची ती हदीस त्यांनी माझ्याच तोंडून ऐकली होती, जुम्याच्या बयानात. मी ती दोन वाक्यांत सांगून पुढच्या विषयाकडे वळलो होतो. तिचा अर्थ काय, मर्यादा काय, विद्वानांनी तिच्याविषयी काय लिहिले आहे, यांपैकी काहीच मी सांगितले नव्हते.

त्यांचे उत्तर मी देणे लागतो, आणि ते केवळ कलौंजीपुरते देता येणार नाही. प्रेषितकाळातील मदिनेत लोक कसे राहत, पाणी कसे जपत, अंग कसे स्वच्छ ठेवत आणि आजारपणात घरी काय करीत, हे डोळ्यांसमोर असेल तरच त्या हदीसी नीट कळतात.

मापाने पाणी

मदिनेत बारमाही नदी नव्हती. विहिरी होत्या, खजुरीच्या बागा होत्या आणि चामड्याच्या मशकी होत्या. गोड पाण्याची रूमा नावाची विहीर खाजगी मालकीची होती आणि तिचे पाणी विकत घ्यावे लागे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली, ही घटना आपण जाणता. जेथे पाण्याला किंमत मोजावी लागते तेथे दिवसातून पाच वेळा हात, तोंड आणि पाय धुण्याचा आदेश काय असेल, याची कल्पना दुष्काळी तालुक्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माय-बहिणींना अधिक चांगली येईल.

हजरत अनस (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. फिकहमधील मतभेद लक्षात घेता आजच्या मापाने साधारण पाऊण ते एक लिटर. चार मुद्दांचा एक साअ. म्हणजे संपूर्ण स्नान तीन ते पाच लिटरांत. आपल्या न्हाणीघरातील साधी बादली पंधरा-वीस लिटरांची असते. हजरत जाबिर (रजि.) यांच्यासमोर एका गृहस्थाने तक्रार केली की इतके पाणी मला पुरत नाही. तेव्हा हजरत जाबिर (रजि.) यांनी उत्तर दिले की ज्यांचे केस तुझ्याहून दाट होते आणि जे तुझ्याहून श्रेष्ठ होते, त्यांना ते पुरत असे. हे उत्तर थोडे कडक आहे खरे. पण वुजूखान्यातील नळाखाली हात धरून गप्पा मारणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने ते ऐकण्याजोगे आहे.

पाणी कमी असले की ते दूषित होण्याचे भय वाढते. म्हणूनच हदीसमध्ये पाण्याच्या जपणुकीचे तपशील इतक्या बारकाईने येतात. झोपेतून उठल्यावर हात तीन वेळा धुतल्याशिवाय भांड्यात घालू नये, कारण झोपेत हात कोठे होता हे माणसाला ठाऊक नसते. रात्री भांडी झाकावीत, मशकीचे तोंड बांधावे, दिवे विझवावेत. झाकायला काहीच नसेल तर भांड्यावर निदान एक काडी आडवी ठेवावी. मशकीला तोंड लावून पिऊ नये, पिताना भांड्यात श्वास सोडू नये. साचलेल्या पाण्यात लघवी करून मग त्यातच स्नान करू नये. पाणवठा, रस्त्याचा मध्य आणि लोकांच्या बसण्याची सावली, या तीन ठिकाणी शौचास बसणे हे लोकांचा शाप ओढवून घेणारे कृत्य सांगितले गेले. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यांतील एकदा मातीने, धुवावे.

येथे एक खुलासा करतो. आजकाल काही वक्ते भांडे झाकण्याच्या हदीसवरून सूक्ष्मजीवशास्त्राचा शोध चौदा शतकांपूर्वीच लागला होता असे ठासून सांगतात आणि श्रोते खूश होतात. मला हा मार्ग पसंत नाही. सहाबांनी ही आज्ञा पाळली ती कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून पाळली, आणि मदिनेतील आईने रात्री घागरीवर काडी ठेवली तेव्हा तिच्या मनात आज्ञापालनाचा भाव होता. उद्या विज्ञानाने आपले मत बदलले तर आपण हदीस बदलणार आहोत काय? आज्ञेचा लाभ शरीरालाही झाला, हे अल्लाहचे अनुग्रह मानावे आणि तेवढ्यावर थांबावे.

जुम्याचे स्नान

जुम्याच्या गुस्लाची आज्ञा कशी आली, ही हकिगत अबू दाऊदमध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आली आहे आणि ती मला फार जिवंत वाटते. लोक कष्टकरी होते. लोकरीचे कपडे घालीत, पाठीवर ओझी वाहत. मशीद अरुंद होती आणि छप्पर ठेंगणे, खजुरीच्या झावळ्यांचे. एके दिवशी उन्हाळ्यात प्रेषित (स.) जुम्यासाठी आले तेव्हा लोकरीत घाम मुरून असा दर्प सुटला होता की लोकांचा एकमेकांना त्रास होत होता. त्या वेळी त्यांनी सांगितले की या दिवशी स्नान करून या आणि ज्याच्याजवळ जे चांगले तेल वा सुगंध असेल तो लावा. हजरत आयेशा (रजि.) यांचेही असेच कथन आहे की लोक मदिनेच्या बाहेरील वस्त्यांतून धुळीने व घामाने माखून येत.

वाचकहो, पाहा, येथे कोणालाही लाजविले नाही, कोणालाही घाणेरडा म्हटले नाही, मागच्या सफेत ढकलले नाही. कष्टकऱ्याचा घाम हा दोष नव्हता. शेजाऱ्याला होणारा त्रास दूर करावयाचा होता. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, हा आदेशही याच जातीचा आहे. आमच्या मशिदीत हमाली करणारे, गॅरेजमध्ये काम करणारे बांधव दुपारच्या नमाजला येतात, तेव्हा शेजारचा अत्तर लावलेला माणूस अंग चोरून घेतो. त्याने इब्ने अब्बासांची ही रिवायत पुन्हा एकदा वाचावी.

नखे काढणे, मिशा कातरणे, बगलेतील व नाभीखालील केस दूर करणे आणि खतना या पाच गोष्टी मानवी प्रकृतीचा, म्हणजे फितरतचा, भाग सांगितल्या आहेत. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार केस-नखांबाबत चाळीस रात्रींपेक्षा अधिक विलंब करण्याची मुभा नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत बोटांच्या सांध्यांवरील सुरकुत्या धुण्याचाही उल्लेख येतो. शेतात वा यंत्रावर काम करणाऱ्याच्या हाताकडे पाहिले म्हणजे तो उल्लेख का आला हे कळते.

मिसवाक आणि मिशरी

मिसवाकविषयी प्रेषितांची (स.) आवड इतकी होती की उम्मतला जड जाईल ही भीती नसती तर प्रत्येक नमाजच्या वेळी ती अनिवार्य केली असती, असे त्यांनी फरमाविले. बुखारीतील शेवटच्या आजाराचा प्रसंग तर कोणाचेही डोळे ओले करील. हजरत आयेशा (रजि.) यांचे बंधू अब्दुर्रहमान (रजि.) हातात ताजी मिसवाक घेऊन आत आले. प्रेषितांची (स.) नजर तिच्यावर खिळली. बोलण्याची शक्ती उरली नव्हती. आयेशा (रजि.) यांनी ती घेतली, स्वतःच्या दातांनी चावून मऊ केली आणि त्यांना दिली. या जगातून जाण्याच्या काही क्षण आधी त्यांनी दात स्वच्छ केले.

अरबस्तानातील मिसवाक अराक नावाच्या झाडाच्या मुळ्यांची असे. आपल्याकडे त्या झाडाला पिलू म्हणतात. फकीहांनी अन्य झाडांच्या काड्याही ग्राह्य धरल्या आहेत, तेव्हा आमच्या आजोबांची बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी सुन्नतच्या बाहेर नव्हती. आता थोडे कटू लिहितो. आपल्या कितीतरी घरांत, विशेषतः गावाकडे, स्त्रिया सकाळी मिशरी लावतात. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड असते. दात घासण्याच्या निमित्ताने सुरू होते आणि मग दिवसातून चार वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. त्यातील तंबाखूने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदर स्त्रीच्या पोटातील बाळालाही तिची झळ पोहोचते. कृपा करून तिला मिसवाकच्या पंक्तीत बसवू नका. मिसवाकने तोंड शुद्ध होते आणि रब राजी होतो, या अर्थाची हदीस आहे. मिशरीने यांपैकी काय साधते?

साबणाच्या जागी त्या काळी सिद्र, म्हणजे बोरीचा पाला, वापरीत. तो वाटून पाण्यात मिसळला की फेस येतो. हजरत कैस बिन आसिम (रजि.) इस्लाम स्वीकारावयास आले तेव्हा त्यांना पाणी व सिद्रने स्नान करण्यास सांगण्यात आले. प्रेषितांच्या (स.) कन्येचे निधन झाले तेव्हा हजरत उम्मे अतिय्या (रजि.) आणि इतर स्त्रियांना सिद्रच्या पाण्याने विषम संख्येत गुस्ल देण्याची आणि शेवटच्या पाण्यात कापूर घालण्याची सूचना मिळाली. आजही मय्यतसाठी पाणी तापवताना आपल्या गावांतून बोरीचा पाला शोधण्यास मुले धावतात, ते याच कारणाने.

माता-भगिनींसाठी एक गोष्ट. हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारच्या स्त्रियांची प्रशंसा केली की दीन समजून घेण्यात लज्जा त्यांच्या आड आली नाही. मासिक पाळीनंतरचे स्नान कसे करावे, कपड्याला लागलेले रक्त कसे काढावे, हे प्रश्न त्यांनी थेट विचारले. उत्तरही स्पष्ट मिळाले: आधी खरवडावे, मग पाणी घालून चोळावे, मग धुवावे आणि त्याच कपड्यात नमाज अदा करावी. आपल्या घरांत मात्र तेरा वर्षांच्या मुलीला यातले काही सांगितले जात नाही. ती ओलसर, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवलेले कापड पुन्हा वापरते आणि दुखणे सोसते. ही लाज आपण कोठून आणली? मदिनेतून तर नव्हे.

घरातील औषधे

आता औषधांकडे वळू. उहुदच्या युद्धात प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याला जखम झाली. हजरत अली (रजि.) ढालीत पाणी आणून ओतत होते आणि हजरत फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. पाण्याने रक्त थांबत नाही असे पाहून त्यांनी चटईचा तुकडा जाळला आणि त्याची राख जखमेत भरली, तेव्हा रक्त थांबले. रणभूमीवर जे हाताशी होते त्याचा तो समंजस उपयोग होता. आज कोणी अपघातग्रस्ताच्या जखमेत चटईची राख भरू लागला तर आपण त्याला सुन्नतचा अनुयायी म्हणणार नाही. दवाखान्याची वाट दाखवू. हा फरक आपल्याला सहज कळतो. मग कलौंजीच्या बाबतीत तो का कळत नाही?

आजाऱ्यासाठी आणि शोकाकुल घरासाठी हजरत आयेशा (रजि.) तलबीना शिजवायला सांगत. जवाच्या पिठाची किंवा कोंड्याची पातळ पेज, कधी त्यात मध. आपल्या नाचणीच्या आंबिलीची बहीणच म्हणा. दुःखी माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, तेव्हा असे काही पोटात जावे ही त्यामागील करुणा आहे. ज्याच्या घरी मय्यत झाली त्याच्याच घरी जाऊन बिर्याणीची अपेक्षा करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तापासाठी पाणी सांगितले आहे. हजरत अस्मा (रजि.) यांच्याकडे तापाने फणफणलेली स्त्री आणली की त्या तिच्या गळ्यापाशी पाणी ओतीत. मात्र इब्ने कय्यिम (रह.) यांनी येथेच लिहून ठेवले आहे की हे संबोधन हिजाजच्या लोकांना आहे, ज्यांना बहुधा उन्हाच्या तीव्रतेने ताप येत असे, प्रत्येक देशाला आणि प्रत्येक तापाला ते लागू करू नये. तिब्ब-ए-नबवीवर ज्यांच्या लेखनाचा सर्वाधिक आधार घेतला जातो, त्यांचेच हे मत आहे.

मधाची हदीसही अशीच नीट वाचली पाहिजे. एका सहाबींच्या भावाचे पोट बिघडले. त्याला मध देण्यास सांगण्यात आले. दिला, तर जुलाब वाढले. पुन्हा येऊन सांगितले, पुन्हा मधच सांगितला गेला, आणि अखेर तो बरा झाला. इब्ने कय्यिम (रह.) यांच्या मते पोटात साचलेले दूषित अन्न बाहेर पडणे आवश्यक होते आणि आजाराच्या प्रमाणात मात्रा पोहोचेपर्यंत ती पुन्हा द्यावी लागली. म्हणजे रोग, मात्रा आणि रुग्ण या तिन्हींचा विचार त्यात आहे. सूरह नहलमध्ये मधात लोकांसाठी शिफा असल्याचा उल्लेख आहे. तेथे शब्द अनिश्चित रूपात आला आहे, त्यामुळे प्रत्येक माणसाच्या प्रत्येक रोगावर मध हाच इलाज असा अर्थ निघत नाही, असे स्पष्टीकरण इब्ने कसीर (रह.) यांच्या तफसीरमध्ये नोंदले आहे. आणि हो, नवजात बाळाला मधाची घुट्टी चाटवण्याची जी रीत आपल्यात रूढ आहे, ती कृपया सोडा. प्रेषित (स.) खजूर चावून तिचा अंश बाळाच्या टाळूला लावीत, तहनीकची मूळ सुन्नत ती. एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून बालरोगतज्ज्ञ मध पूर्ण वर्ज्य सांगतात.

घरगुती उपाय जुना आहे एवढ्याने तो चांगला ठरत नाही, हेही प्रेषितांनी (स.) शिकविले. लहान मुलांच्या घशाला सूज येई, त्या आजाराला उजरा म्हणत. स्त्रिया मुलाच्या घशात बोट घालून ती सूज दाबीत. हजरत उम्मे कैस (रजि.) आपल्या मुलाला अशाच अवस्थेत घेऊन आल्या तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की तुम्ही आपल्या लेकरांना असा त्रास का देता, आणि ऊद-ए-हिंदी वापरण्यास सांगितले. ऊद-ए-हिंदी, ज्याला कुस्त असेही म्हणतात, म्हणजे आपल्याकडील कोष्ठ. भारताच्या नावाने ओळखले जाणारे हे मूळ तेव्हा मदिनेच्या घरात पोहोचले होते. परंतु माझे लक्ष पहिल्या भागाकडे आहे. आज्यांपासून चालत आलेली रीत होती. तिने लेकराला वेदना होत होत्या. ती बंद करविली.

कलौंजीची हदीस

आता मूळ प्रश्न. कलौंजीत मृत्यूखेरीज प्रत्येक आजारावर शिफा आहे, या अर्थाची हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे आणि तिच्या सत्यतेत शंका नाही. बुखारीमध्ये तिच्यासोबत एक प्रसंग आला आहे, जो बयानांतून सहसा गाळला जातो. मीही गाळला होता. प्रवासात गालिब बिन अबजर नावाचे गृहस्थ आजारी पडले. मदिनेला पोहोचल्यावर इब्ने अबी अतीक त्यांना पाहावयास आले आणि म्हणाले की कलौंजीचे पाच किंवा सात दाणे घ्या, कुटा, तेलात मिसळून नाकपुड्यांत थेंब थेंब सोडा. मग त्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून ऐकलेली ही हदीस सांगितली. हाफिज इब्ने हजर (रह.) यांनी तो आजार सर्दीचा असावा असे म्हटले आहे. म्हणजे हदीस सांगणाऱ्यानेच ती एका विशिष्ट आजारात, मोजक्या दाण्यांनी आणि विशिष्ट पद्धतीने वापरली.

इमाम खत्ताबी (रह.) म्हणतात की येथे शब्द व्यापक असला तरी अभिप्राय मर्यादित आहे, ज्या आजारांवर या बीजाचा गुण चालतो ते आजार अभिप्रेत आहेत. इब्ने कय्यिम (रह.) यांनी कुरआनातील आद समुदायाच्या वादळाचा दाखला दिला आहे. ते वादळ प्रत्येक वस्तू नष्ट करणारे होते असे सूरह अहकाफमध्ये म्हटले आहे, आणि लगेच पुढे त्यांची घरे तेवढी शिल्लक दिसत होती असेही आहे. अरबी भाषेत 'प्रत्येक' हा शब्द असा योजला जातो. मराठीतही आपण 'सगळे गाव जत्रेला लोटले' म्हणतो, तेव्हा घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांमुळे ते वाक्य खोटे ठरत नाही.

आणखी खोल जाऊ. हजरत उर्वा (रह.) यांनी आपल्या मावशी आयेशा (रजि.) यांना विचारले की दीनचे ज्ञान तुम्हांला प्रेषितांकडून (स.) मिळाले आणि काव्य-वंशावळीचे वडिलांकडून, पण वैद्यकाचे कोठून? त्यांनी सांगितले की अखेरच्या काळात प्रेषित (स.) आजारी असत, चहूकडून अरबांची शिष्टमंडळे येत, ती औषधे सुचवीत आणि मी ती तयार करीत असे. ज्यांच्या घरात वही उतरत होती त्या घरातही लोकांच्या अनुभवाचे औषध घेतले जात होते.

याच धाग्यावर इब्ने खल्दून (रह.) यांनी आपल्या मुकद्दमामध्ये लिहिले की हदीसमध्ये आलेले वैद्यक हे अरबांच्या अनुभवातून आलेले होते, वहीचा भाग म्हणून ते आले नाही, मात्र श्रद्धेने व बरकतच्या भावनेने घेतल्यास त्याचा लाभ होतो. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (रह.) यांनीही हुज्जतुल्लाहिल बालिगामध्ये वैद्यकीय सूचनांना प्रेषितत्वाच्या संदेशाहून वेगळ्या विभागात ठेवले आहे. इब्ने कय्यिम (रह.) यांची भूमिका वेगळी आहे, ते तिब्ब-ए-नबवीचे मूळ वहीत पाहतात. मी स्वतः शाहसाहेबांच्या मताकडे झुकतो. पण गंमत अशी की दोन्ही बाजूंचे विद्वान रोग ओळखण्यावर आणि जाणकार वैद्याकडे जाण्यावर एकमत आहेत.

जाणकाराकडे जाणे ही तर थेट सुन्नत आहे. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या छातीत दुखू लागले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा यांच्याकडे जाण्यास सांगितले, कारण ते वैद्यकी करीत. बद्दूंनी विचारले की आम्ही औषधोपचार करावा का, तेव्हा होकार मिळाला आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक आजाराला अल्लाहने इलाज ठेवला आहे असेही सांगण्यात आले. आणि ज्याला वैद्यकीचे ज्ञान नसताना तो इलाज करू लागेल, तो होणाऱ्या हानीला जबाबदार राहील, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मशिदीबाहेर जुम्याच्या दिवशी टेबल मांडून शर्करा, हृदय, किडनी, सगळ्यांवर एकच बाटली विकणाऱ्यांच्या टेबलावर हिची पाटी असावी.

हिजामालाही हेच लागू. प्रेषितांनी (स.) अबू तैबा (रजि.) यांच्याकडून हिजामा करवून घेतला आणि त्यांना मोबदला दिला, ते त्या कामाचे माहीतगार होते. आज दोन दिवसांच्या शिबिरात शिकून एकाच ब्लेडने दोघांच्या पाठीवर छेद देणारे मी पाहिले आहेत. रक्तातून काविळीचे आणि एड्सचे विषाणू पसरतात. नवे ब्लेड, निर्जंतुक कप आणि प्रशिक्षित हात नसेल तर उठून या. सुरम्याचेही तसेच. रात्री इस्मिद लावण्याची हदीस आहे, परंतु बाजारातील अनेक सुरम्यांत शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. बाळाच्या डोळ्यांत तो घालू नका.

त्या बुजुर्गांना मी दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा हे सर्व सांगितले. त्यांनी विचारलेल्या ईमानच्या प्रश्नावर मी त्यांना हजरत उमर (रजि.) यांचा शामच्या वाटेवरील प्रसंग सांगितला. पुढे साथ पसरली आहे असे कळल्यावर ते सर्ग येथून परतू लागले. हजरत अबू उबैदा (रजि.) म्हणाले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की एका तकदीरकडून आम्ही दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. गोळी घेणे हीही तकदीरच. त्यांच्या ईमानमध्ये खोट नव्हती. उणीव सांगणाऱ्याच्या सांगण्यात होती.

ते मी त्यांच्याजवळ कबूल केले आणि आणखी एक हदीसही सांगितली, जी तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. एका प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याच्यावर गुस्ल अनिवार्य झाले. त्याने सोबत्यांना विचारले की मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी उपलब्ध आहे, तेव्हा सवलत नाही. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते म्हणाले की त्या लोकांनी त्याला मारले, ठाऊक नव्हते तर विचारले का नाही? अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे.

बुजुर्ग काही वेळ गप्प राहिले. मग पट्टी बांधलेल्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "मग आता वुजूचे कसे करू, ते तर सांगा." ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी ते येथेही लिहितो. बाकीचे अवयव नेहमीप्रमाणे धुवावेत. पट्टी सोडू नये, भिजवू नये. ओला हात तिच्यावरून फिरवावा. तेही अपायकारक असेल तर हनफी मतानुसार तेवढेही माफ आहे. जखम भरण्याआधी पट्टी बदलली तर पुन्हा हात फिरवणे आवश्यक नाही, फिरवल्यास उत्तम. जखमेतून रक्त वा पू वाहिला तर मात्र हनफी मतानुसार वुजू राहत नाही. आपले कोकणातील बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांच्या मते वाहत्या रक्ताने वुजू तुटत नाही, परंतु पट्टीवरून हात फिरवण्यासोबत झाकलेल्या भागासाठी तयम्मुमही करावा लागतो. पट्टी किती दिवस ठेवावयाची, हे डॉक्टरांना विचारावे.